नेटमध्ये शिकलेला गोल्फ स्विंग: नवशिक्यांच्या बॅचचा रिव्ह्यू

मुंबईत गोल्फ शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच की मारायचं कुठे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, ताडदेव-हाजी अलीजवळचा विलिंग्डन १९१८ चा, कुलाब्याला टोकाशी समुद्राला लागून यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब, पण तिथे खेळायचं तर मेंबर तरी हवं नाहीतर मेंबरची ओळख तरी हवी. खारघरला सिडकोचं गोल्फ मैदान आहे, तिथे पैसे भरून आपल्यासारखी माणसंही खेळू शकतात आणि ती खूप मोठी सोय आहे, पण पश्चिम उपनगरात राहणाऱ्या माणसाला दर आठवड्याला सकाळी खारघर गाठायचं म्हणजे अख्खी सुट्टी त्यातच जाते. म्हणून मी नेटमध्ये शिकले, आणि हा रिव्ह्यू लिहायचं कारण हेच की आता माझं मत असं झालंय की नवीन माणसाने स्विंग, म्हणजे बॉल मारतानाचा काठीचा झोका, नेटमध्येच शिकायला सुरुवात करावी, जागा असली तरीसुद्धा.

ही बॅच गोरेगाव-मालाड पट्ट्यात चालते, एका जुन्या बॅडमिंटन हॉलच्या मागे पत्र्याची शेड आहे, त्यात तीन नेट लावलेत, खाली हिरव्या मॅट आणि समोर जाड पांढरा पडदा, बॉल पडद्यावर आदळतो आणि खाली पडतो, बास. शनिवार-रविवार सकाळी लवकर, एका बॅचला सहापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत, ग्रुपमध्ये शिकलात तर एका सेशनला माणशी हजाराच्या आत पडतं आणि एकट्याने शिकायचं तर साधारण दुप्पट. दीड-दोन महिन्यांचा कोर्स आहे. सरांचं नाव इथे टाकत नाहीये कारण बॅच लहान ठेवायचीये म्हणून त्यांनीच नको सांगितलंय, पण त्यांच्याबद्दल एवढं सांगते की ते लहानपणी चेंबूरला कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणारे, होते, तिथल्या आजूबाजूच्या वस्त्यांत पोरं लोखंडी सळी वाकवून तिचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, करतात आणि प्लास्टिकच्या बॉलने गल्लीत गोल्फ खेळतात, त्यातूनच ते पुढे आले, मग रीतसर नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं कोचिंगचं सर्टिफिकेट घेतलं. तुम्ही कुठेही शिका पण कोचकडे हे सर्टिफिकेट आहे का हे जरूर विचारा, विचारण्यात काहीच चुकीचं नाही, चांगला कोच स्वतःहून दाखवतो. आणि शिकवतात मराठीत, हिंदीत, जसा समोरचा असेल तसं, त्यामुळे आमच्या बॅचमधल्या वयस्कर मंडळींना अजिबात परकं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी बॉल दिलाच नाही. सगळ्यांच्या हातात फक्त एक सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या लांबीचा धातूच्या पात्याचा क्लब, आणि पूर्ण वेळ ग्रिप, म्हणजे पकड. काहीजण थोडे हिरमुसले, पण आता मागे वळून बघताना मला वाटतं अख्ख्या कोर्समधला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता. आपण क्लब हातात घेतला की आपोआप तळव्यात घट्ट पकडतो, झाडू किंवा हातोडा धरावा तसा, आणि तसा धरला की मनगट लॉक होतं, मनगट लॉक झालं की क्लब वर नेताना कोपर दुमडतं, आणि मग पुढचं सगळंच बिघडत जातं. सरांनी एकेकाची बोटं धरून दाखवलं, डाव्या हातात क्लब करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका यायला हवा, म्हणजे धरायचा बोटांनी आणि तळव्याचा खालचा मांसल भाग वरून त्याच्यावर टेकवायचा. अंगठा दांड्याच्या बरोबर मध्ये न ठेवता किंचित उजवीकडे. वरून खाली बघितलं की डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची हाडं दिसली पाहिजेत. मग उजवा हात असा येतो की डावा अंगठा उजव्या तळव्याच्या खळग्यात झाकला जातो. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.)

आता उजव्या करंगळीचं काय करायचं ह्याचे तीन प्रकार आहेत. एक, ती डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या मधल्या खाचेवर नुसती ठेवायची, ह्याला व्हार्डन ग्रिप म्हणतात, हॅरी व्हार्डन हे ब्रिटिश ओपन ६ वेळा जिंकलेले खेळाडू, त्यांच्यामुळे ती लोकप्रिय झाली. दुसरा, करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत अडकवायची, जॅक निकलस आणि टायगर वूड्स दोघेही असेच धरतात. तिसरा, दहाही बोटं दांड्यावर, लहान मुलांना किंवा हातात ताकद कमी असलेल्यांना सोपं जातं. बहुतेक व्हिडिओंमध्ये पहिलाच प्रकार दाखवतात, पण सरांनी माझ्या हाताचा पंजा बघितला आणि लगेच म्हणाले ताई तुम्ही अडकवा, तुमची बोटं लहान आहेत, वरून ठेवलेली करंगळी घसरेल. हे व्हिडिओ बघून कळत नाही, समोर माणूस असल्याचा हाच फायदा.

पकड किती घट्ट हवी ह्यासाठी सर क्लबचं टोक धरून हळूच ओढायचे. क्लब अजिबात हलला नाही तर म्हणायचे सैल करा, सुळकन निघून आला तर थोडं धरा. एक ते दहा मध्ये साधारण चार, असं त्यांचं माप. मी अजूनही घरी भाजी शिजत असताना ओट्यापाशी क्लब घेऊन फक्त ग्रिप लावते आणि सोडते, परत लावते, त्याला जागा लागत नाही की बॉल लागत नाही.

उभं राहणं हा दुसरा धडा. इथे आपल्या ऑफिसात बसणाऱ्यांच्या पाठी उघड्या पडतात. वाकायचं ते कमरेच्या सांध्यातून, पाठीतून नाही, आणि हे ऐकायला जितकं सोपं तितकं करायला नाही. त्यासाठी सर क्लबची काठी पाठीला उभी लावायला लावतात, डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे, तशीच ठेवून पुढे झुकायचं, मग गुडघे थोडेसे सैल. हात खांद्यातून सरळ खाली लोंबकळू द्यायचे, पुढे ताणायचे नाहीत, क्लबच्या दांड्याचं टोक आणि मांडी ह्यात एक पंजाभर अंतर राहतं. पाय सेव्हन आयर्नला खांद्याइतके, बॉल दोन पायांच्या मध्ये किंवा अगदी थोडा डावीकडे. क्लब जसजसा लांब होतो तसा बॉल डाव्या पायाकडे सरकतो, ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब क्लबला, तर डाव्या टाचेच्या समोर. दिशेसाठी वायरिंगवाल्यांकडचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप जमिनीवर समांतर ठेवतात, एक बॉलपासून पडद्यावरच्या खुणेकडे आणि दुसरा पायाच्या बोटांपाशी. पाय खुणेकडे रोखायचे नाहीत, खुणेला समांतर ठेवायचे, ही गोष्ट पाइप समोर दिसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

आणि मग एकदाचा बॉल. गोल्फचा बॉल किती छोटा असतो ते मॅटवर ठेवल्यावर जाणवतं, नियमाने व्यास कमीत कमी ४२.६७ मिमी आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, आणि क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, त्याला चिकटून असतो तो वेळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. म्हणजे बॉलशी पोचल्यावर हाताने काही दुरुस्ती करायला वेळच नसतो, जे काय बरोबर करायचं ते आधी. म्हणूनच सर ग्रिप आणि उभं राहण्यावर एवढा वेळ घालवतात हे तेव्हा मला पटलं.

पण पूर्ण स्विंग अजून नाहीच. कमरेपासून कमरेपर्यंत, एवढाच छोटा झोका. क्लब मागे नेताना दांडा जमिनीला समांतर झाला की थांबायचं, पुढे तेवढंच. ह्या छोट्या स्विंगमध्ये आम्ही कितीतरी सकाळी घालवल्या आणि इथेच त्या शेडमधल्या दोन भन्नाट युक्त्या बघायला मिळाल्या.

पहिली म्हणजे हातरुमाल. मॅटची एक मोठी अडचण अशी की ती खोटं बोलते. गवतावर क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तर तो मातीत रुततो आणि बॉल दोन पावलं जाऊन थांबतो, पण मॅटवर तोच क्लब घसरून पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी लागतो, आवाजही ठीक येतो, त्यामुळे मॅटवर महिनोन्‌महिने सराव केलेला माणूस पहिल्यांदा खऱ्या गवतावर गेला की गोंधळून जातो. सर बॉलच्या मागे चार बोटं अंतरावर घडी घातलेला हातरुमाल ठेवतात. रुमालाला क्लब लागला की मागे लागला, वाद नाही. आयर्नने आधी बॉल आणि मग जमीन, हा क्रम त्या रुमालाने जेवढा शिकवला तेवढा कुणाच्या सांगण्याने शिकले नसते. रुमाल लागण्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं, बॉल खालून उचलून हवेत घालवायचा प्रयत्न. नवीन माणसाला वाटतं बॉल वर जायला हवा तर आपण खालून उचलायला हवं, त्यात वजन मागच्या पायावर राहतं आणि मनगटं लवकर सुटतात. प्रत्यक्षात सेव्हन आयर्नचा चेहरा ३० अंशांच्या आसपास मागे कललेला असतोच, बॉल वर न्यायचं काम त्या उताराचं आहे, आपण फक्त क्लब किंचित खालच्या दिशेने बॉलमधून न्यायचा आणि शेवटी वजन डाव्या पायावर आणायचं.

दुसरी युक्ती व्हाइटबोर्डच्या मार्करची. सर बॉलवर एक जाड काळा ठिपका काढतात, तो ठिपका क्लबकडे तोंड करून ठेवायचा आणि मारायचं. मारल्यावर क्लब उलटा करून बघायचा, चेहऱ्यावर ठिपक्याचा छाप उमटलेला असतो. कधी टोकाकडे, कधी दांड्याच्या बाजूला टाचेकडे, आणि कधी बरोबर मध्ये. ज्या वेळी मध्ये येतो तेव्हा हाताला काही लागल्याचं जाणवतच नाही आणि आवाज वेगळा येतो, शेडमध्ये तर तो इतका छान घुमतो की शेजारच्या नेटमधलेही वळून बघतात. मग ओल्या फडक्याने पुसायचं आणि पुढचा. छाप टोकाकडे येत असेल तर सर विचारतात हात जवळ ओढले का, टाचेकडे येत असेल तर विचारतात वजन बोटांवर गेलं का, म्हणजे एकेक छाप म्हणजे शरीराने काय केलं त्याची नोंदच. मला ह्या कोर्समधलं सगळ्यात जास्त काय आवडलं असं विचाराल तर हा मार्कर, दहा-वीस रुपयांची वस्तू आणि महागड्या मशीनचं निम्मं काम करते.

बॅचमध्ये एक काका होते, तरुणपणी कांगा लीग खेळलेले, त्यांच्यावर लिहायलाच हवं कारण मुंबईत गोल्फ शिकायला येणारा निम्मा पुरुषवर्ग क्रिकेटमधून येतो आणि क्रिकेट मदतही करतं आणि नडतंही. मदत अशी की डोळा बॉलवर ठेवायची सवय, संतुलन, आणि स्ट्रेट ड्राइव्हला वरचा हात पुढे असतो तसा गोल्फमध्ये डावा हात नेतृत्व करतो हे त्यांना एका वाक्यात कळलं. नडतं ते असं की ड्राइव्ह मारताना डोकं आणि अंग बॉलवर पुढे न्यायचं हे अंगात मुरलेलं असतं, आणि इथे बॉल जागेवर पडलेला, डोकं पुढे सरकलं की क्लब बॉलच्या डोक्यावर लागतो आणि बॉल जमिनीवरून सरपटत जातो. शिवाय खालच्या हाताने मनगट फिरवायची सवय, फ्लिक मारतो तशी, ती आली की बॉल एकदम डावीकडे वळतो. सर त्यांना म्हणायचे, "काका, बॉल कुठे पळून चाललेला नाही, त्याला भेटायला पुढे जाऊ नका." काकांना दोन्ही पाय जोडून उभं राहून छोटा स्विंग मारायला लावला, पाय जोडलेले असले की अंग पुढे टाकलं तर तोल जातोच, त्यामुळे डोकं आपोआप जागेवर राहायला लागलं. कपिल देव इतकी वर्षं गोल्फ खेळतात, २०२४ पासून भारतातल्या व्यावसायिक टूरचे म्हणजे पीजीटीआयचे अध्यक्षही आहेत, त्यामुळे क्रिकेटवाल्यांनी घाबरायचं काही कारण नाही, फक्त बॅटिंग घरी ठेवून यायची.

पूर्ण स्विंगवर आलो तोवर कोर्स अर्ध्याच्या पुढे गेला होता आणि तो फार पटकन जमला, कारण खालचं सगळं तयार होतं. मागे नेताना खांदे साधारण ९० अंश वळतात आणि कंबर त्याच्या निम्मी, ४५ च्या आसपास, ह्या दोघांतल्या फरकामुळेच अंगात पीळ बसतो. पण ज्यांचं अंग तेवढं वळत नाही त्यांना सर जबरदस्ती करत नाहीत, डावी टाच थोडी उचलू देतात, साठीच्या माणसाने तिशीच्या खेळाडूसारखं वळायचा हट्ट धरला तर पाठ धरते असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. खाली येताना सुरुवात खालून, आधी वजन डाव्या पायाकडे, मग कंबर, मग छाती, हात, आणि क्लब सगळ्यात शेवटी. नवीन माणूस उलटं करतो, वरून खांद्याने आणि हाताने क्लब फेकतो. आणि लय. चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो बॉलपर्यंत खाली येतो, तीनास एक. सर त्यासाठी मोठ्याने "एक दोन तीन" म्हणत मागे न्यायला लावतात आणि "चार"ला बॉल. शेडमध्ये सहाजणांचं मोजणं एकदम चाललेलं असायचं, आणि मोजत असताना जोर लावायची इच्छाच होत नाही, म्हणून ते इतकं उपयोगी. शेवटी फिनिशला तीन सेकंद तसंच उभं राहायचं, पोट खुणेकडे, उजव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला, तोल जात असेल तर मारताना जोर जास्त लागलाय.

आता नेटच्या बाजूने मी एवढं का बोलतेय. रेंजवर, म्हणजे लांब फटके मारायच्या सरावाच्या जागी, समोर मोकळं मैदान असतं, बॉल किती लांब जातो ह्याकडेच सगळं लक्ष, शेजारचा लांब मारतोय म्हणून आपणही जोर लावतो. नेटमध्ये बॉल तीन मीटरवर पडद्याला लागून खाली पडतो, लांबीचा विषयच नाही, त्यामुळे उरतं फक्त कसा लागला. नवीन माणसाला नेमकं हेच हवं असतं. माझ्याबरोबर कॉलेजमधली एक मुलगी होती, तिने आधी दुसरीकडे रेंजवर बरेच महिने मारलेलं आणि तिचा बॉल कायम उजवीकडे वळायचा, त्यालाच स्लाइस म्हणतात. तिला वाटायचं आपण डावीकडे निशाणा धरला की सरळ होईल, पण बॉल निघताना ज्या दिशेला निघतो ते बरंचसं क्लबच्या चेहऱ्यावर ठरतं, आणि पुढे किती वळतो ते चेहरा आणि क्लबचा मार्ग ह्यातल्या फरकावर, त्यामुळे डावीकडे निशाणा धरून मार्ग आणखी डावीकडे नेला आणि चेहरा उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेलाच, राहिला तर बॉल आणखीनच वळतो. इथे सरांनी तिची ग्रिप थोडी उजवीकडे फिरवली, आधी एकच हाड दिसायचं ते तीन दिसायला लागले, आणि मधला सगळा गोंधळ सोडून कमरेपासून कमरेपर्यंतच्या स्विंगवर तिला परत आणलं. शेवटी आम्ही सगळे रेंजवर गेलो तेव्हा तिचा बॉल सरळ निघताना बघून आम्हालाच जास्त आनंद झाला.

पण नेटची कमतरताही लिहायलाच हवी. बॉलचं पुढे काय झालं हे कळत नाही. छाप मध्ये आलेला असूनही चेहरा उघडा असू शकतो, आणि ते पडद्यावर लागलेल्या जागेवरून फक्त थोडंफार ओळखता येतं. म्हणून कोर्सच्या शेवटी सर रेंजवर नेतात, ते वेगळ्या पैशात, बॉलच्या बकेटचे पैसे आपले. मला वाटतं हे मधेही एकदा व्हायला हवं, निदान अर्ध्यावर, म्हणजे उरलेल्या सेशनमध्ये कशावर काम करायचं ते ठरवता येईल. हे मी सरांना सांगितलंय.

दुसरी तक्रार, आणि ही माझी मुख्य तक्रार, शॉर्ट गेमला, म्हणजे होलजवळच्या छोट्या फटक्यांना, फार कमी वेळ. १८ होलचं पार, म्हणजे अपेक्षित फटके, बहुतेक ठिकाणी ७२, त्यात प्रत्येक होलला पटिंगचे, म्हणजे बॉल हळूच होलकडे ढकलायचे, दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, निम्मे, फक्त ग्रीनवरचे, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे. आणि ह्या कोर्समध्ये पटिंगला एका जुन्या गालिच्यावर एकच सकाळ, चिपिंग, म्हणजे ग्रीनच्या बाहेरून छोटा उचललेला फटका, तर जवळजवळ नाहीच. स्विंगचाच कोर्स आहे हे मान्य, तरी छोटा स्विंग आणि चिप ह्यात फारसं अंतर नाही, तिथे हे जोडता आलं असतं.

तिसरं, शेड. पत्रा असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये नऊनंतर तिथे उभं राहवत नाही, पंखे आहेत पण दोनच. एका बाजूच्या नेटला खालून भोक होतं, सरांनी ताडपत्री बांधली होती, पण दांडा क्लबच्या डोक्यात बसतो त्या खोबणीला लागलेला बॉल कसाही बाजूला उडतो त्यामुळे हे लगेच नीट करायला हवं, मी तरी दुसऱ्याची पाळी असताना कायम मागे उभी राहायचे आणि तुम्हीही राहा. बॉल जुने, काहींचा रंग गेलेला, ते नेटसाठी चालतात. स्वच्छतागृह हॉलचं वापरायचं, स्वच्छ आहे, बायकांसाठी वेगळं आहे, हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याला हे आधी बघावं लागतं. पार्किंग नाही, स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते.

बायकांसाठी आणखी एक. सरांकडे हलक्या दांड्याचे बायकांचे क्लब आहेत आणि ते पहिल्या दिवशी न मागता हातात दिले, हे मला फार आवडलं. ह्याआधी मी एका ठिकाणी ट्रायल घेतली होती, एसी स्टुडिओ, मोठी स्क्रीन, तिथे पाच मिनिटांत पुरुषांचा ड्रायव्हर हातात दिला, स्क्रीनवर आकडे दाखवले आणि राहिलेला वेळ सेट विकत घ्यायच्या गोष्टी. मशीन वाईट नाही, पण ग्रिप न बघता दाखवलेले आकडे नवीन माणसाच्या काहीच कामाचे नाहीत. आणि ज्या बायकांना वाटतं आपला बॉल लांब जात नाही म्हणजे आपल्याला जमणार नाही, त्यांनी बंगळुरूच्या अदिती अशोकला आठवा, लांब मारणाऱ्यांमध्ये तिची गणना कधीच नव्हती, तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिथेच आपल्या पुण्याचा उदयन माने पुरुषांमध्ये खेळला होता.

सामानाचं म्हणाल तर सेट अजिबात घेऊ नका. नियमाने बॅगेत १४ क्लब नेता येतात म्हणून चौदाही लागतात असं नाही, ह्या कोर्सला एकच सेव्हन आयर्न लागतो आणि तो तिथेच मिळतो. घरी सरावाला हवा असेल तर डेकॅथलॉनमध्ये इनेसिसचे सुटे क्लब मिळतात ते बघा किंवा कुणाचा जुना घ्या. ग्लव्ह मात्र स्वतःचा, डाव्या हाताचा, आणि मुंबईच्या घामाला एक पुरत नाही, दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा, वापरून झाल्यावर पिशवीत चुरगळून न टाकता सावलीत पसरून वाळवा, उन्हात वाळवला की कडक होतो. जाड गुबगुबीत तळाचे पळायचे बूट नकोत, सपाट तळाचे बरे. छोटा टॉवेल न्या, ओल्या हाताने ग्रिप फिरते आणि मग छाप कुठे पडला ह्याला काही अर्थ उरत नाही.

पाच पैकी साडेचार देईन, अर्धा शॉर्ट गेमसाठी कापला. ज्यांना महिन्याभरात गोल्फच्या मैदानावर जाऊन मित्रांबरोबर खेळायचंय त्यांनी इथे येऊ नका, इथे घाई करत नाहीत. पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगा, ते त्याप्रमाणे स्विंग छोटा ठेवतात. पावसाळ्यात शेड गळते म्हणून जून ते ऑगस्ट बॅच बंद असते, पुढची गणपतीनंतर सुरू होते. डावखुऱ्यांसाठी सध्या एकच क्लब आहे, तेव्हा आधी विचारून घ्या, आणि सकाळी सातची बॅच मिळाली तर तीच घ्या.